मोठ्या जातीच्या पिल्लासाठी खाणं कसं निवडावं

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेनचं पिल्लू घरी आलं की सगळ्यांना ते लवकर मोठं व्हायला हवं असतं. आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे. कुत्रा किती मोठा होणार हे बरंचसं आनुवंशिकतेनं ठरतं. जास्त खाऊ घातल्यानं तो फक्त तिथे लवकर पोचतो आणि कोवळ्या सांध्यांवर भार पडतो. हिप डिस्प्लेशियाचा, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा त्रास अशाने वाढतो.

१. पाकिटावर ‘लार्ज ब्रीड पपी’ लिहिलेलं खाद्य घ्या. मागच्या बारीक अक्षरांत ते वाढीच्या वयासाठी आहे आणि मोठ्या कुत्र्यांनाही चालतं, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. मोठे म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर साधारण ३२ किलो किंवा त्याहून जास्त वजनाचे.

२. कॅल्शियमचा आकडा शोधा. ओलावा वजा करून तो १.२ ते १.८ टक्के असावा. पाकिटावर कॅल्शियम १.२ आणि ओलावा १० टक्के असेल, तर १.२ भागिले ०.९, म्हणजे सुमारे १.३३ टक्के, हे ठीक आहे. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी नको आणि दुपटीहून जास्तही नको.

३. वरून कॅल्शियमचं सिरप देऊ नका. अगदी कळकळीनं सांगतो, कारण ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून ही बाटली पिल्लासोबतच हातात दिली जाते. लहान पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम नीट अडवू शकत नाही. ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. प्रोटीनमुळे मात्र असं होत नाही, त्याला विनाकारण घाबरू नका.

४. घरचं शिजवून घालणार असाल तर याच्या अगदी उलट अडचण येते. भात आणि बिनहाडाचं चिकन यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. दूध-पोळीवर तर हे पिल्लू वाढवूच नये. पशुवैद्याकडून मोजमापासह आहार लिहून घ्या, अंदाजाने नको. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं पूर्ण बंद.

५. खाणं वजनकाट्यावर मोजून घाला. भांडं दिवसभर भरून ठेवू नका. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. पाकिटावरचं प्रमाण ही फक्त सुरुवात. दर आठवड्याला छातीच्या बाजूंवरून बोटं हलकेच फिरवा. फासळ्या न दाबता मोजता आल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. फासळ्या शोधाव्या लागल्या तर खाणं थोडं कमी करा. शेजारी ‘बारीक दिसतंय’ म्हणतील, म्हणू द्या. ४८ लॅब्रेडॉरवरच्या एका दीर्घ अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना संधिवातही उशिरा झाला.

६. नवं खाद्य सात ते दहा दिवसांत, जुन्यात मिसळत आणा. जुलाब झाले तर प्रमाण मागे घ्या. पिल्लू लंगडत असेल किंवा पायऱ्या टाळत असेल, तर खाद्य बदलत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.