जुन्या बोलेरो पिकअपचा सायलेन्सर बदलताय? आवाजाच्या नादाला लागू नका

हे लिहितोय ते मुख्यतः कोकणपट्टीतल्या, बीएस 3 नाहीतर बीएस 4 (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या टप्प्यांच्या), 2523 सीसी टर्बो डिझेलवाल्या बोलेरो पिकअपसाठी. मासळी, आंबा, चिरा, काय वाट्टेल ते वाहणाऱ्या गाड्या. यांचा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप आणि सायलेन्सर, दोन्हीकडून सडतो. बाहेरून खारी हवा आणि हौद्यातून गळणारं मासळीचं पाणी, आणि आतून तर विचारू नका, डिझेल जळताना पाण्याची वाफ होते, गाडी बंदरावरून मार्केटपर्यंतच फिरली की सायलेन्सर नीट तापतच नाही, मग ती वाफ आतच पाणी होऊन साचते आणि डिझेलमधल्या सल्फरमुळे त्याला ॲसिडचा गुण येतो. वरून रंग मारून काही होत नाही.

आधी बघा की खरंच पाइप बदलायची गरज आहे का. गाडी घाटात ओढत नाही, काळा धूर मारते, म्हणून लोक थेट सायलेन्सरवाल्याकडे जातात. अहो एअर फिल्टर बघा, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) असेल तर त्याचे होज बघा, इंजेक्टर तपासा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय, आणि नवीन पाइप टाकून चोंदलेला फिल्टर साफ होत नाही.

लीक शोधायला सकाळी गाडी थंड असताना स्टार्ट करा, कुणालातरी शेपटाच्या पाइपाला जाड ओला फडका दोन सेकंद दाबायला सांगा आणि तुम्ही खालून फुसफुस ऐका. जिथे जॉइंटला काळी काजळी पसरलीय तिथे लीक आहेच. मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारा भाग) आणि टर्बो (त्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) यांच्या मधे लीक असेल तर ते सगळ्यात आधी करा, कारण तिथून गॅस निसटला की टर्बोला फिरायला जोर कमी मिळतो आणि गाडी मेल्यासारखी चालते. आणि केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो धुराबरोबर गुपचूप येतो.

आता पाइप. मूळ पाइप 2 इंची असेल तर अडीच इंची टाकला की आतली जागा साधारण दीडपट होते, एवढ्या इंजिनाला हे भरपूर झालं, तीन इंची टाकून फक्त वजन आणि घरघर वाढते. "बॅक प्रेशर पाहिजे नाहीतर ताकद जाते" हे टर्बो डिझेलला लागू नाही, टर्बोच्या पुढे रस्ता जितका मोकळा तितकं बरं. म्हणून खर्च करायचाच तर टर्बोला लागून असलेल्या पहिल्या पाइपावर करा. तिथे दाबून चपटा केलेला बेंड नको, मँड्रेल बेंड घ्या, वळणावर गोलाई तशीच राहते.

मटेरियलमध्ये फसवाफसवी फार चालते. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, चिकटला नाही म्हणजे 304 (स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड). पण स्वस्तातल्या 202 ला पण चुंबक चिकटत नाही, आणि 409 ला चिकटतो तरी ते एक्झॉस्टचंच स्टील आहे! समुद्राकाठी 304 च घ्या, ग्रेड बिलावर लिहून घ्या. नळाचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप तर अजिबात नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो आणि वेल्डरला रात्री ताप भरतो.

जुने नट आदल्या रात्रीच गंजाच्या स्प्रेने भिजवून ठेवा. सोडताना आधी जरासा आवळायचा, करकर आवाज होऊन गंजाची पकड सुटली की मग उलटा. स्टड तुटलाच तर त्या ठुटावर नट वेल्ड करून, गरम असतानाच हळूहळू फिरवा, बहुतेक वेळा निघतो. पॅकिंग सगळी नवीन, जुनं पॅकिंग परत लावायचा काटकसरीपणा इथे नको.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, आणि वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. कॉमन रेल गाडी (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणारी) असेल तर ईसीएम, म्हणजे तो कॉम्प्युटर, उडाला की सायलेन्सर परवडला म्हणायची वेळ येते. आधी फक्त टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून पाइप बसवा आणि हौद्यात माल भरून बघा, पाटे दबल्यावर एक्सल वर येतो आणि रिकाम्या गाडीत मोकळा दिसणारा पाइप तिथेच ठोकतो. ब्रेकचा पाइप, डिझेल लाइन, हँडब्रेकची केबल, सगळ्यांपासून चांगलं अंतर ठेवा. आणि 304 तापला की वाढतो, अडीच मीटरचा पाइप दोनशे डिग्रीने तापला की आठेक मिलिमीटर, म्हणून टर्बोनंतर जाळीचा फ्लेक्स (लवचिक) तुकडा आणि लटकवायला रबरच पाहिजेत, चासीला थेट वेल्ड केलं की कुठेतरी चीर जाणारच. शेपूट मागे किंवा उजवीकडे काढा, डावीकडे किंवा खाली तोंड केलेलं नियमात बसत नाही.

कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा डबा) काढून टाका, गाडी उडेल, असं कुणीतरी सांगेलच. त्याच्या आत प्लॅटिनमसारखे महाग धातू असतात, तेव्हा सांगणाऱ्याचा फायदा कुठे आहे ते तुम्हीच बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रदूषण किंवा आवाजाचा नियम मोडला तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्सही तीन महिने अडकतं. आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला उभं राहायचंच आहे.

काम झालं की एक चांगली लांब फेरी मारा, गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे फ्लँजचे नट परत एकदा आवळा, पहिल्या तापण्यात पॅकिंग दबतं आणि नट ढिले होतात. मग पीयूसी करून घ्या. बीएस 4 ला धुराची मर्यादा 50 हार्ट्रिज (धुराच्या काळेपणाचं माप), त्याआधीच्या गाडीला 65. आकडा काठावर आला तर सायलेन्सरवाल्याशी भांडू नका, डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे जा.