स्मार्ट उपकरणांना कायमचा आयपी पत्ता कसा द्यावा

राउटर रीस्टार्ट झाला की कॅमेरा दिसेनासा होतो, स्विच ‘ऑफलाइन’ होतो. दोष बहुतेक वेळा उपकरणाचा नसतो, त्याचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बदललेला असतो. अशा वेळी उपकरणातच स्टॅटिक (न बदलणारा) आयपी भरा, असं सर्रास सांगितलं जातं. तसं करू नका. राउटरला ते माहीतच नसतं, आणि तोच आयपी तो उद्या एखाद्या मोबाइलला देऊन मोकळा होऊ शकतो. पत्ते राउटरनेच वाटावेत. आपण तिथे डीएचसीपी रिझर्व्हेशन करायचं, म्हणजे राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये (डीएचसीपी) एकेका उपकरणासाठी ठरावीक पत्ता राखून ठेवायचा.

आधी वाटणी ठरवा. १९२.१६८.१.१ राउटर, मग शेवटचा आकडा १० ते १९ हब (स्मार्ट उपकरणं एकत्र जोडणारी पेटी), २० ते ३९ कॅमेरे, ४० ते ९९ दिवे-स्विच, आणि बाकीच्यांसाठी डीएचसीपी पूल (राउटरने आपणहून वाटायचे पत्ते) १०० ते १९९. काही राउटर पूलच्या आतलेच पत्ते राखून ठेवू देतात; मग पूल १० पासून सुरू करा.

खरी गोची होते ती कुठला मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक, ज्यावर रिझर्व्हेशन होतं) कुठल्या उपकरणाचा, हे ओळखताना. राउटरच्या यादीत पाच स्विच एकसारख्याच नावाने दिसतात. एकेक बंद करून कोण गायब होतं ते बघा, हा सल्ला तर हमखास फसवतो: लीज (दिलेल्या पत्त्याची मुदत) संपेपर्यंत बंद उपकरणाचं नावही कित्येक राउटरच्या यादीत तसंच राहतं. त्यापेक्षा नवं उपकरण एका वेळी एकच जोडा, यादीत आलेली नवी ओळ टिपून घ्या, मगच पुढचं. आधीच जोडलेल्यांसाठी यादीतल्या आयपीला पिंग लावा (संगणकावरून त्याला सतत हाक द्या) आणि उपकरणाची वीज काढा. ज्याचं उत्तर थांबेल ते तुमचं. केबल आणि वायफाय दोन्ही असलेल्या कॅमेऱ्याला दोन मॅक असतात, म्हणून जो वापरणार तोच नोंदवा. मोबाइलवरून ‘घरात कोण आहे’ ओळखायचं असेल, तर त्या वायफायपुरता रँडम मॅक (खऱ्याऐवजी मोबाइल दाखवतो तो बनावट मॅक) बंद करा. मॅकचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा रँडमच समजा.

रिझर्व्हेशन सेव्ह केलं तरी जुना पत्ता लगेच सुटत नाही. उपकरणाची वीज दहा सेकंद काढून परत द्या. फॅक्टरी रीसेट मुळीच नको, त्याने सगळी जोडणी पुसली जाते. तरीही वेगळाच पत्ता मिळाला, तर घरात दुसरा राउटर पत्ते वाटतोय का ते पाहा आणि त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय द्यायचं, पत्ते वाटायचे नाहीत) टाका.

शेवटी राउटर रीस्टार्ट करून पत्ते पुन्हा तपासा. भिंतीतल्या स्विचचा मॅक मात्र बोर्डाचे स्क्रू आवळण्याआधीच लिहून घ्या. मॅकचा स्टिकर बहुधा मागच्या बाजूला असतो.