बांधावरची बोराटी पेटवण्यापूर्वी : झुडपाखालच्या जीवांविषयी उन्हाळी सल्ला

रब्बीची काढणी आटोपली की बांध साफ करायचे काम निघते. माण, आटपाडी, सांगोला अशा कमी पावसाच्या तालुक्यांत पुष्कळदा ते काडेपेटीनेच उरकले जाते. बोराटी, तरवड आणि त्यांच्या बुडाशी साचलेला पाचोळा एका दुपारीत जळून जातो. यंदा बांध पेटवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

या झुडपांचे मोल थरच्या वाळवंटात स्पष्ट दिसते. जैसलमेर-बाडमेर भागात ऐन उन्हाळ्यात उघड्या वाळूचा पृष्ठभाग 60 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. बोराटीच्या किंवा फोगाच्या झुडपाखाली मात्र वाऱ्याने आलेली बारीक माती, गळलेली पाने आणि शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या साचत जातात, सावलीमुळे ओल थोडी अधिक टिकते, आणि त्या हातभर घेरात कोळीवर्गातले सूक्ष्म जीव, शेपटीच्या झटक्याने उडी घेणारे पांढुरके कीटक, सूत्रकृमी (धाग्यासारखे अतिसूक्ष्म किडे), वाळवी, मुंग्या व काळे भुंगेरे आसरा घेतात. इतक्या कोरड्या जमिनीत गांडुळे फारशी तग धरत नाहीत, त्यामुळे पाचोळा कुजवून त्यातले अन्न पुन्हा मुळांपर्यंत पोहोचवण्याचे काम प्रामुख्याने या जीवांवर आणि त्यांच्या सोबतीच्या जिवाणू-बुरशीवर येते. तिथले शेतकरी बोराटीचा पाला चाऱ्याला आणि काटे कुंपणाला नेत, पण खोड-मुळे जागेवर ठेवत. पाऊस पडला की ती पुन्हा फुटत असे.

यातला एकच दुवा काढून घेतला तर काय होते, हे अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या चिवावा वाळवंटात तपासले गेले. झुडपांचा पाला जाळीच्या पिशव्यांत भरून जमिनीत पुरला आणि काही पिशव्यांतील सूक्ष्म कोळी कीटकनाशकाने नाहीसे केले. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे आढळले की, कोळ्यांचा धाक संपताच जिवाणू खाणारे सूत्रकृमी वाढले, जिवाणू घटले आणि पाला कुजण्याचा वेग मंदावला. म्हणून पिकात दाणेदार कीटकनाशक वापरावेच लागले, तरी ते बांधाच्या कडेला व झुडपांच्या बुडाशी पडू देऊ नये. फोरेट तर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदच आहे. घरात जुना साठा असल्यास तो वापरू नये.

आपल्या बांधाची परीक्षा घरीच घेता येते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा ठेवावा, तोंडाशी जरा मोठ्या छिद्रांची जाळी बसवावी आणि झुडपाखालची मूठभर माती पाचोळ्यासह त्यात सैल भरावी. खाली वाटीत ओला पांढरा कागद ठेवून वरून दिव्याची ऊब द्यावी. ऊब आणि कोरडेपणा टाळण्यासाठी जीव खाली सरकतात आणि कागदावर पडतात. टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके चालू लागलेले भिंगाखाली सहज दिसतात. दुसऱ्या दिवशी उघड्या रानातली मूठभर माती घेऊन हीच कृती करावी आणि फरक स्वतः पाहावा. हा प्रयोग वळवाच्या पावसानंतर चार-पाच दिवसांनी केल्यास अधिक चांगला, कारण कडक उन्हाळ्यात यातले बरेच जीव ओलीच्या मागे खोल जातात.

झुडूप वाढून पिकावर सावली पडत असेल तर ते जरूर छाटावे, मात्र जमिनीपासून वीतभर खुंट राखावा, पाचोळा हलवू नये आणि एका वर्षी निम्माच बांध छाटावा. नव्या फळझाडांना आच्छादन करताना काडीकचरा खोडापासून चार बोटे दूर ठेवावा. खोडाला भिडलेल्या कचऱ्यातून वाळवी सालीवर चढते.

बांधावरची झुडपे ठेवली तर पिकांची मुळे खाणारी हुमणी अळी वाढेल, ही शंका रास्त आहे. पहिल्या चांगल्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला बोर, बाभूळ आणि कडुनिंबावर पाला खाण्यासाठी जमतात आणि पुढे मादी जमिनीत अंडी घालते. परंतु झुडूप तोडल्याने भुंगेरे नाहीसे होत नाहीत, ते शेजारच्या झाडावर जातात. त्यापेक्षा ते एका जागी जमतात याचा फायदा घ्यावा. खाली कापड पसरून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. हे काम आठ-दहा रात्री, शिवारातील सर्वांनी मिळून केले तरच उपयोगी पडते.

त्याच सुमारास बांधावर लाल मखमली मृगाचा किडा दिसेल. तोही कोळीवर्गातलाच आहे, वर्षाचा बहुतेक काळ मातीत काढतो आणि इतर किडींची अंडी खातो. तो जिथे फिरताना आढळेल, त्या पट्ट्यात त्या आठवड्यात कसलीही फवारणी करू नये.