फाशाचे साडेतीन ठिपके: अपेक्षित मूल्य काढताना या चुका टाळा

एका फाशाचं अपेक्षित मूल्य काढायला सांगितलं की वर्गात बहुतेकांना जमतं. १ ते ६ ची बेरीज २१, भागिले ६, उत्तर ३.५. मग कुणीतरी विचारतंच, 'सर, साडेतीन ठिपके फाशावर असतात कुठे?' प्रश्न रास्त आहे. 'अपेक्षित' या शब्दामुळे वाटतं की पुढच्या खेपेला हेच पडणार. प्रत्यक्षात ३.५ एवढंच सांगतं की फासा हजारो वेळा टाकलात तर पडलेल्या अंकांची सरासरी त्याच्या आसपास राहील.

फाशाच्या सहाही बाजूंची संभाव्यता सारखी, म्हणून तिथे साधी सरासरी चालून गेली. इतरत्र प्रत्येक किमतीला तिच्या संभाव्यतेनं गुणावंच लागतं. आधी तक्ता मांडा आणि संभाव्यतांची बेरीज १ येते का ते पाहा.

तक्त्यात रक्कम लिहिताना होणारी चूक मात्र लपून राहते. समजा, १० रुपयांची १००० तिकिटं आहेत आणि ५००० रुपयांचं एकच बक्षीस. तिकिटाचे १० रुपये फक्त हरणाऱ्याच्या ओळीत वजा केले तर उत्तर −४.९९ येतं. खरं उत्तर −५, कारण जिंकणाऱ्यानंही तिकीट विकतच घेतलंय, त्याच्या हाती ४९९० च पडतात. फरक एका पैशाचा, त्यामुळे कुणाच्या नजरेत येत नाही. बक्षीस छोटं आणि जिंकण्याची संभाव्यता मोठी असली की हीच चूक महागात पडते.

दुसरी नेहमीची गफलत वर्गाची. फाशाच्या अंकांच्या वर्गांचं अपेक्षित मूल्य ९१ भागिले ६, म्हणजे सुमारे १५.१७. ३.५ चा वर्ग १२.२५. दोन्ही एकच समजलात तर प्रचरण, म्हणजे अंक सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, शून्य येईल. प्रचरण म्हणजे नेमका हाच फरक, सुमारे २.९२.

बेरजेत उलट विनाकारण भीती वाटते. दहा जणांच्या छत्र्या एकत्र करून डोळे मिटून वाटल्या, तर सरासरी किती जणांना स्वतःची मिळेल? घटना एकमेकांवर अवलंबून आहेत म्हणून मुलं थबकतात. थांबायचं कारण नाही. प्रत्येकाची संभाव्यता १/१०, असे दहा जण, उत्तर १. अपेक्षित मूल्यांची बेरीज करायला घटना स्वतंत्र असाव्या लागत नाहीत.

आता मुलांच्या जिवाभावाचा प्रश्न: 'नीट' परीक्षेत उत्तर येत नसेल तर अंदाजानं ठोकून द्यावं का? बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा, पर्याय चार. निव्वळ अंदाजानं एका प्रश्नाचं अपेक्षित मूल्य ४ × १/४ − १ × ३/४, म्हणजे पाव गुण. 'धन आहे, म्हणजे फायदाच' असं म्हणून वीस प्रश्न ठोकले, तर सरासरी ५ गुण खरे. पण वीसपैकी तीन किंवा कमी बरोबर आले तर गुण कमीच होतात, आणि असं व्हायची शक्यता साधारण २२ टक्के. नेमके चार बरोबर आले तर हाती शून्य. त्याची शक्यता सुमारे १९ टक्के. अपेक्षित मूल्य हा चढउतार दाखवत नाही आणि परीक्षा तर त्या दिवशी एकदाच होते. म्हणून मी मुलांना आधी पर्याय खोडायला सांगतो. एक खात्रीनं बाद झाला तर पाव गुणाचे २/३ होतात, दोन बाद झाले तर दीड.