नाटक-सिनेमाची गाणी ऑनलाइन सोडताना: नाव कुठे, श्रेय कुणाला

नाटकाच्या जाहिरातीत ‘संगीत’ या शब्दापुढे एक नाव टाकलं की भागतं. डिस्ट्रिब्युटरच्या (म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ऑनलाइन दुकानांत पोहोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मवर गीतकार, संगीतकार, गायक, संयोजक (वाद्यांची मांडणी करणारा), वादक यांचे रकाने वेगळे असतात. एकाचं नाव दुसऱ्याच्या रकान्यात गेलं की गाणं भलत्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसतं. म्हणून फॉर्म उघडण्याआधी एक्सेल शीट करा. प्रत्येक गाण्याला एक ओळ, त्यात ही सगळी नावं, भाषा आणि मिनिट-सेकंद. हे काम रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओतच उरका. महिन्याभराने कोरसमध्ये कोण होतं हे कुणालाच आठवत नाही.

आधी शीर्षक. चित्रपटातल्या गाण्यांच्या अल्बमला चित्रपटाच्या नावापुढे कंसात ‘ओरिजिनल मोशन पिक्चर साउंडट्रॅक’, नुसत्या पार्श्वसंगीताला ‘ओरिजिनल स्कोअर’, नाटकाला ‘ओरिजिनल कास्ट रेकॉर्डिंग’. यातलं शेवटचं तेव्हाच लिहा, जेव्हा रंगमंचावर गाणारेच नट रेकॉर्डवर गायले असतील. प्रयोगात नट ओठ हलवतात आणि आवाज दुसऱ्याचा, अशा अल्बमला ‘कास्ट’ म्हणणं चूक. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातल्या प्रयोगाचं थेट ध्वनिमुद्रण असेल, तर प्रत्येक गाण्यापुढे ‘लाइव्ह’ हवं आणि ठिकाण द्यायचं तर सगळीकडे एकाच स्पेलिंगने. नाटकाचं नाव अल्बमच्या शीर्षकात आलंच आहे, ते पुन्हा प्रत्येक गाण्याला चिकटवू नका. एकच गाणं सिंगल म्हणून सोडताना मात्र ‘फ्रॉम’ लिहून अवतरणात नाटकाचं नाव द्यायचं.

खरी गफलत कलाकाराच्या रकान्यात होते. नाटकवाले तिथे पात्राचं नाव टाकतात. ‘मानापमान’ नाटकातला ‘धैर्यधर’ हा गायक नव्हे, त्या पदाला आवाज देणारा नट गायक आहे. द्वंद्वगीतात दोघेही मुख्य कलाकार. पाहुणा गायक असेल तर ‘फीचरिंग’ हा शब्द गाण्याच्या नावात टाइप करू नका. फॉर्मवर त्याची भूमिका निवडली की दुकान तो शब्द स्वतः जोडतं, नाहीतर तो दोनदा दिसतो. अल्बमवर चार किंवा जास्त मुख्य कलाकार झाले की अल्बमच्या पातळीवर ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’, पण गाण्याच्या पातळीवर तो शब्द कधीच नाही. भारतीय चित्रपटांच्या अल्बमवर संगीतकाराला मुख्य कलाकार ठेवायची पद्धत आहे आणि ती सोयीची आहे, कारण आपल्याकडे श्रोता संगीतकाराच्या नावाने शोधतो. गाण्याचा संगीतकार आणि पार्श्वसंगीतकार वेगळे असतील तर दोघांची सरमिसळ होऊ देऊ नका.

जुनं नाट्यपद नव्याने गाऊन घेतलं असेल तर संगीतकाराच्या रकान्यात हार्मोनियमवाल्याचं नाव जाता कामा नये. ‘मानापमान’ १९११चं, पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. खाडिलकर १९४८ साली गेले, टेंबे १९५५ साली. भारतीय कायद्यात लेखक-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे दोघांचाही संपला आहे. श्रेय मात्र त्यांचंच राहतं. तुमचं नाव संयोजक म्हणून येईल. आणि हक्क संपला तो शब्द-चालीचा. कुणाची जुनी रेकॉर्ड उचलून त्यावर तबला चढवणं हा वेगळा मामला: ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर मोजतात. चाल खरोखर कुणाची ठाऊक नसलेली लोकपरंपरेतली असेल, तरच ‘पारंपरिक’.

सोलापुरात आणखी एक पेच हमखास येतो. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांवरच्या नाटकात एखादं गाणं तेलुगू असतं, एखादं कन्नड. फॉर्ममध्ये भाषेचे दोन रकाने असतात: शीर्षक कोणत्या भाषेत लिहिलंय आणि गाणं कोणत्या भाषेत गायलंय. दुसरा प्रत्येक गाण्याला वेगळा भरा. अख्ख्या अल्बमला ‘मराठी’ लावून मोकळं झालं की तेलुगू श्रोत्याला गाणं सापडणं अवघड. एका शीर्षकात देवनागरी आणि रोमन मिसळू नका, आणि गायकाच्या नावाचं रोमन स्पेलिंग आधीच्या अल्बमसारखंच ठेवा. एका अक्षराच्या फरकाने त्याची दोन पानं तयार होतात.

फाइल वेव्ह (आवाज न दाबलेली), २४ बिट. सिनेमाचं काम ४८ किलोहर्ट्झवर झालेलं असतं, ते बहुतेक डिस्ट्रिब्युटर तसंच घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एमपी३ची वेव्ह केल्याने गेलेला आवाज परत येत नाही. थिएटरसाठीचं सहा चॅनेलचं ५.१ मिक्स दाबून दोन चॅनेलचं स्टिरिओ करू नका, मधल्या चॅनेलमधल्या गायकाचा तोल बिघडतो. स्टिरिओ मिक्स वेगळं मागा. पीक, म्हणजे आवाजाची सर्वांत उंच पातळी, उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. एका पदातून दुसऱ्यात न थांबता जाणारं संगीत असेल तर एकाच मास्टरमधून (अंतिम तयार फाइलमधून) कापा, कापलेल्या जागी आवाज हळूहळू कमी-जास्त करणारा फेड नको.

कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी. नाटकाचं पोस्टर तसंच्या तसं चालत नाही: त्यावर तिकीटदर, प्रयोगाची वेळ, बुकिंगचा फोन, प्रायोजक चादरवाल्याचा लोगो असतो, आणि यातली एक गोष्ट जरी राहिली तरी अल्बम परत येतो.

आयएसआरसी हा प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-नंबर. तो बारा अक्षर-अंकांचा असतो आणि तो रेकॉर्डिंगला चिकटलेला असतो, रिलीजला नव्हे. सिंगल आधी सोडलं असेल तर अल्बममध्ये तोच नंबर द्या. रिप्राइज (त्याच गाण्याची नाटकात पुन्हा येणारी आवृत्ती), वाद्यांवरची आवृत्ती, छोटं केलेलं गाणं यांना नवा. रिलीजची तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर निदान सात दिवस आधी.

रिलीजच्या दिवशी प्रत्येक गायकाचं पान उघडून बघा. गाणं दुसऱ्याच्या पानावर दिसलं तर डिस्ट्रिब्युटरला दुरुस्ती पाठवा. अल्बम उतरवून नव्या आयएसआरसीने चढवलात तर तोवर जमलेले प्ले शून्यावर येतात.