दूधखात्याच्या ॲपसाठी तीन बिल्ड टाइप: डीबग, चाचणी, रिलीज

खानापूर तालुक्यातल्या एका गावात माझे तात्या दूध संकलन केंद्राचे सचिव आहेत. सकाळ-संध्याकाळ सभासद किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. लिटर मोजायचे, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले उरलेले घन घटक) बघायचं, पावती द्यायची आणि दर दहा दिवसांनी बिल काढायचं, असं तिथलं काम. त्या केंद्रासाठी मी इथे बेळगावात, टिळकवाडीतल्या खोलीत बसून अँड्रॉइड ॲप लिहिते. आमच्या भागातली बरीच मुलं आता अशी छोटी ॲप करतात, कुणी किराणा दुकानाच्या उधारीचं, कुणी उद्यमबागेतल्या वर्कशॉपच्या हजेरीचं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीला माझ्या कोडमध्ये सर्व्हरचे दोन पत्ते एकाखाली एक होते, एक खरा आणि एक चाचणीचा. जो नको त्याच्यापुढे दोन तिरक्या रेघा ओढायच्या, म्हणजे ती ओळ चालत नाही. एका संध्याकाळी त्या रेघा चुकीच्या ओळीवर राहिल्या. मी सहज आकडे घालून बघत होते. एका सभासद मावशींच्या नावावर 99 लिटर आणि 9.9 फॅट टाकलं आणि लॅपटॉप मिटून जेवायला गेले. दहा दिवसांनी ते बिलात छापून आलं. मावशी पावती घेऊन केंद्रावर आल्या. "काय गे पोरी, माझी म्हस नव्व्याण्णव लिटर दूध द्यायली काय?" असं त्यांनी मला विचारलं, आणि तात्यांना चारचौघांसमोर खातं दुरुस्त करावं लागलं. ज्या वहीवर गावाचा विश्वास आहे, तिच्यात माझ्या हातून खोटी नोंद गेली होती. त्या रात्री मी बिल्ड टाइप, म्हणजे एकाच कोडमधून वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी ॲप बांधायची सोय, नीट शिकायला बसले.

अँड्रॉइड स्टुडिओत नवं प्रोजेक्ट केलं की दोन बिल्ड टाइप आयते मिळतात, डीबग आणि रिलीज. फाइलीत डीबगचं नाव दिसलं नाही तरी तो असतोच. डीबगचं ॲप ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवायची खूण) लावून तपासता येतं आणि त्यावर सही करायची किल्ली स्टुडिओ स्वतः बनवून होम फोल्डरमधल्या डॉट-अँड्रॉइड फोल्डरात ठेवतो. रिलीजमध्ये तपासणी बंद असते आणि सही आपल्या स्वतःच्या किल्लीने करावी लागते. हे सगळं ॲप मॉड्यूलच्या बिल्ड-ग्रेडल फाइलीत (ग्रेडल म्हणजे कोडमधून ॲप बांधणारं साधन), अँड्रॉइड ब्लॉकच्या आत, बिल्डटाइप्स नावाच्या ब्लॉकमध्ये ठरतं. पुढे मी सगळी नावं देवनागरीत लिहिते आहे. फाइलीत ती रोमन लिपीत जातात, आणि पहिली तीन-चार अक्षरं टाइप केली की स्टुडिओ पूर्ण नाव सुचवतो.

पहिलं काम, डीबगला वेगळी ओळख द्या. डीबग ब्लॉकमध्ये ॲप्लिकेशनआयडीसफिक्स, म्हणजे ॲपच्या पॅकेज नावाला लावायची शेपटी, म्हणून 'डॉट डीबग' लिहा. फोनच्या दृष्टीने ते आता वेगळंच ॲप झालं. खऱ्या ॲपशेजारी ते बसतं, त्याचा डेटाबेस वेगळा असतो, आणि एकाची नोंद दुसऱ्यात जाऊ शकत नाही. व्हर्जननेमसफिक्सही द्या, म्हणजे फोनवरून कुणी आवृत्ती वाचून दाखवली तर समोर कोणतं ॲप आहे ते लगेच कळतं. ही शेपटी लावताना दोन ठिकाणी अडखळायला होतं. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती आणि परवानग्या सांगणारी फाइल) फाइल प्रोव्हायडरचं, म्हणजे दुसऱ्या ॲपला फाइल देणाऱ्या भागाचं, नाव पूर्ण लिहिलेलं असेल तर दुसरं ॲप फोनवर बसायलाच नकार देतं. तिथे पॅकेजचं नाव न लिहिता ॲप्लिकेशनआयडीचा प्लेसहोल्डर वापरा. फायरबेस (ॲपसाठीच्या गूगलच्या सेवा) वापरत असाल तर नव्या पॅकेज नावाची नोंद तिथेही करून गूगल-सर्व्हिसेसची जेसन फाइल पुन्हा उतरवून घ्या, नाहीतर बिल्ड तिथेच थांबतो.

दुसरं काम सर्व्हरच्या पत्त्याचं. प्रत्येक बिल्ड टाइपमध्ये बिल्डकॉन्फिगफील्ड लिहून त्या त्या सर्व्हरचा पत्ता द्या. कोडमध्ये बिल्डकॉन्फिगमधून तो एकाच नावाने वाचायचा. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या 8.0 आवृत्तीपासून बिल्डकॉन्फिग आपोआप तयार होत नाही, म्हणून बिल्डफीचर्स ब्लॉकमध्ये ते आधी चालू करा. अवतरणचिन्हांकडे नीट लक्ष द्या. इथे दिलेली किंमत (व्हॅल्यू) जशीच्या तशी जावा कोडमध्ये उतरते, त्यामुळे पत्त्याभोवतीची अवतरणचिन्हंही किंमतीचाच भाग म्हणून, आधी उलटी तिरकी रेघ देऊन, लिहावी लागतात. ती राहिली की कंपायलर अशा फाइलीतली चूक दाखवतो जी तुम्ही लिहिलेलीच नाही, आणि नवीन माणूस तिथे तासभर अडकतो.

डीबगचा सर्व्हर लॅपटॉपवरच चालत असेल तर एम्युलेटरमधून (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) त्याचा पत्ता 10.0.2.2 असा असतो. अँड्रॉइड 9 पासून साधं, सांकेतिक न केलेलं एचटीटीपी (क्लिअरटेक्स्ट) बंद आहे. ते उघडायची परवानगी मुख्य मॅनिफेस्टमध्ये देऊ नका. एसआरसी या कोडच्या फोल्डरमध्ये डीबग नावाचा फोल्डर करा, त्यात छोटं मॅनिफेस्ट ठेवा आणि क्लिअरटेक्स्टची परवानगी तिथेच द्या. म्हणजे ती सूट रिलीजमध्ये चुकूनही जाणार नाही.

तिसरा बिल्ड टाइप का लागतो

एवढं झाल्यावर मी निर्धास्त झाले होते. मग रिलीजमध्ये इजमिनिफायएनेबल्ड आणि इजश्रिंकरिसोर्सेस चालू केलं, कारण तात्यांच्या जुन्या फोनमध्ये जागा कमी होती. हे चालू केलं की आर-एट नावाचं साधन न वापरलेला कोड काढून टाकतं आणि उरलेल्यातली नावं छोटी करतं. डीबगवर सगळं नीट चाललं होतं. रात्री रिलीजची एपीके (फोनवर बसवायची ॲपची फाइल) तात्यांना पाठवली. सकाळी फोन आला, "पावतीवर दर शून्य यायलाय." मी पहिल्या बसने गेले. तोपर्यंत तात्यांनी रांगेतल्या सगळ्यांच्या नोंदी हाताने वहीत घेतल्या होत्या.

झालं होतं असं. सर्व्हरकडून येणाऱ्या दरपत्रकातलं 'रेट' हे नाव जीसॉन नावाची लायब्ररी माझ्या कोडमधल्या वर्गाच्या (क्लासच्या) फील्डच्या नावाशी जुळवते. आर-एटने त्या फील्डचं नाव बदलून 'ए' केलं होतं. जुळलं नाही म्हणून किंमत भरली गेली नाही, आणि रिकामा दशांश आकडा म्हणजे 0.0. ॲप बंद पडलं नाही, चूकही दाखवली नाही, मुकाट्याने शून्य छापत राहिलं. उपाय सोपा आहे. प्रत्येक फील्डवर सीरियलाइझ्डनेम लावायचं आणि प्रोगार्डच्या नियमांच्या फाइलीत त्या वर्गांसाठी कीपचा, म्हणजे नावं तशीच ठेव असं आर-एटला सांगणारा, नियम लिहायचा. पण ही चूक डीबगमध्ये कधीच दिसली नसती, कारण तिथे आर-एट चालतच नाही. रिलीजसारखंच कातरलेलं, पण खऱ्या खात्याला हात न लावणारं ॲप हवं होतं.

म्हणून तिसरा बिल्ड टाइप करा. मी त्याचं नाव 'चाचणी' ठेवलं आहे. तुम्ही कोणतंही ठेवा, फक्त 'टेस्ट'ने सुरू होणारं नाव ग्रेडल घेत नाही. बिल्डटाइप्समध्ये क्रिएट करून पहिल्याच ओळीत इनिटविथ लिहा आणि त्याला रिलीज द्या. रिलीजच्या सगळ्या सेटिंग्ज इथे उतरतात. ही ओळ पहिलीच हवी, खाली लिहिली तर वर केलेले बदल पुसले जातील. फाइलीतही चाचणीचा ब्लॉक रिलीजच्या खाली ठेवा, कारण ज्या क्षणी नक्कल होते तोवर लिहिलेलंच उतरतं. त्याखाली तीन गोष्टी बदला: शेपटी 'डॉट चाचणी', सर्व्हर चाचणीचा, आणि सहीची किल्ली वेगळी. प्रोजेक्टमध्ये स्वतःचे लायब्ररी मॉड्यूल असतील तर त्यांना चाचणी हा टाइप माहीत नसतो, म्हणून मॅचिंगफॉलबॅक्समध्ये रिलीज लिहा.

चाचणीत इजडीबगेबल खरं करायचा मोह होईल, कारण ब्रेकपॉइंट लावता येत नाही. करू नका. ॲप डीबगेबल असलं की आर-एटचं नाव बदलणं आणि ऑप्टिमायझेशन (कोड आटोपशीर करणं) दोन्ही बंद पडतं, तसा इशाराही बिल्डच्या वेळी येतो. मग हा टाइप केल्याचा उपयोगच राहत नाही. ॲप कोसळलं तर बिल्डच्या आउटपुट फोल्डरात मॅपिंग नावाची मजकूर फाइल असते, तिच्यावरून खरी नावं परत लावता येतात. प्ले स्टोअरला बंडल (स्टोअरसाठीची ॲपची फाइल) चढवताना ती बंडलसोबत जाते. हातोहात दिलेल्या एपीकेची मात्र आपणच जपून ठेवायची.

सहीबद्दल थोडं. चाचणीला स्टुडिओची डीबग किल्ली लावून काम भागतं, पण ती प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी असते. माझ्या मावसभावाने त्याच्या मशीनवर बांधलेली एपीके माझ्या एपीकेवर बसेना. जुनं ॲप काढावं लागलं आणि सर्व्हरला न गेलेल्या नोंदी त्याबरोबर गेल्या. तेव्हापासून चाचणीसाठी एक स्वतंत्र किल्ली आम्ही दोघं वापरतो. रिलीजच्या किल्लीचा पासवर्ड बिल्ड फाइलीत लिहू नका. वेगळ्या प्रॉपर्टीज फाइलीत ठेवा आणि ती गिटच्या (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बाहेर राहील असं बघा.

नाव, भाषा आणि रंग

फोनवर दोन ॲप शेजारी असली की ती नजरेने ओळखू आली पाहिजेत. केंद्रावर पहाटे अंधारात, ओल्या हाताने बटण दाबलं जातं. एसआरसीच्या आत चाचणी नावाचा फोल्डर करा, त्यात रेस आणि त्यात व्हॅल्यूज. तिथे ॲपचं नाव 'दूधखातं चाचणी' लिहिलं की ते मुख्य फोल्डरातल्या नावावर मात करतं.

आमच्या भागात इथे एक खास अडचण येते. माझं ॲप मराठी आणि कन्नड दोन्हीत आहे, कारण रांगेत दोन्ही बोलणारे असतात. गायीला मी आधी 'हसु' लिहिलं होतं, इकडच्या कन्नड सभासदांनी ते 'आकळु' करायला सांगितलं. ज्यांचा फोन कन्नडमध्ये आहे, त्यांना चाचणी ॲपचं नाव खऱ्या ॲपसारखंच दिसत होतं. कारण मुख्य फोल्डरात व्हॅल्यूज-केएन होता आणि चाचणीच्या फोल्डरात नव्हता. प्रत्येक भाषेचा फोल्डर स्वतंत्रपणे जुळवला जातो, त्यामुळे मुख्यमधलं कन्नड नाव तसंच राहतं आणि कन्नड फोन तेच उचलतो. जेवढ्या भाषांत नाव आहे, तेवढे फोल्डर चाचणीतही करा. व्हॅल्यूज-एमआर असेल तर तोही.

चिन्हाचा रंग बदलायला अँड्रॉइड 8 पासूनच्या अडॅप्टिव्ह आयकॉनमध्ये फक्त पार्श्वभूमीचा रंग चाचणीच्या फोल्डरात नव्याने लिहिला तरी पुरतं. मी जांभळा घेतला. भगवा आणि लाल-पिवळा मुद्दाम टाळला, सीमाभागात रंगालाही अर्थ असतो आणि दुधाच्या रांगेत मला तो विषय नको होता.

रोजच्या कामात स्टुडिओच्या बिल्ड व्हेरिअंट्स पॅनेलमध्ये डीबग निवडलेला असतो. तात्यांना काही दाखवायचं असलं की टर्मिनलमध्ये ग्रेडल रॅपरला असेंबल-चाचणी सांगते, दोन्ही शब्द जोडून. प्ले स्टोअरसाठी बंडल-रिलीज, कारण ऑगस्ट 2021 पासून नव्या ॲपला तिथे बंडलच लागतं. दुसऱ्या गावचं केंद्र आलं आणि त्यांना वेगळं नाव, वेगळं चिन्ह हवं असलं तर त्यासाठी बिल्ड टाइप वाढवू नका, ते काम प्रॉडक्ट फ्लेवरचं, म्हणजे एकाच ॲपचे वेगवेगळ्या ग्राहकांसाठीचे प्रकार करायच्या सोयीचं. दोन केंद्रं आणि तीन टाइप मिळून सहा व्हेरिअंट आपोआप तयार होतात.

नवी चाचणी एपीके गेली की तात्या संध्याकाळची रांग संपल्यावर जांभळं चिन्ह दाबतात आणि वहीतल्या दहा नोंदी तिच्यात घालतात. फॅट, दर आणि रक्कम वहीशी ताडून बघतात. दहाही जुळल्या की मला फोन येतो, "लाव आता." मग मी रिलीज बांधते.