कानाजवळचा ठणका, मूळ जबड्यात

उजव्या कानाच्या पुढे आणि कानशिलात ठणका लागायचा, सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त. लोकलच्या गर्दीत इअरफोन घातले की विचारूच नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान स्वच्छ दिसला. पडदा ठीक, पू नाही, मळ नाही. मग त्यांनी कानापुढे बोट टेकवून मला तोंड उघडायला लावलं. कट्कन आवाज! खालचा जबडा कवटीला जोडणारा सांधा कानाला अगदी खेटून असतो. तो किंवा चावण्याचे स्नायू दुखावले की कळ कानात आणि डोक्यात जाते.

दंतवैद्यांनी एक्स-रे काढला. अक्कलदाढ ठीक होती, दात मात्र झिजलेले. म्हणजे झोपेत दात खाणं.

रात्री दातांवर घालायचा मापाचा नाइट गार्ड (दात घासू नयेत म्हणून कवच), गरम शेक, च्युइंग गम बंद, काही दिवस मऊ खाणं (इडली चालते, चकली नाही). दिवसा ओठ मिटलेले, पण दात सुटे. गार्ड खिशाला जड गेला, तरी माझ्या मते खरा गुण त्याचाच.

कानाभोवती फोड येऊन चेहरा वाकडा झाला, किंवा पन्नाशीनंतर कानशील दुखून नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर मुंबईत केईएम किंवा सायन रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो.